वजन उतरवण्याची शंभर वर्षं

घराचा स्लॅब सगळ्यात जास्त ओझं वाहतो ते स्वतःचंच. 125 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला 300 किलोंच्या पुढे जातं. त्यावर वावरणारी माणसं, पलंग, कपाटं यांच्यासाठी भारतीय मानकात धरलेला भार मात्र 200 किलोंच्या आसपास असतो. त्यातून आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची. बेसॉल्ट बळकट खरा, पण जड. त्याच्या काँक्रीटचा एक घनमीटर अडीच टनांच्या घरात जातो. हे वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि तिथून पायात उतरतं, आणि उतरताना प्रत्येक टप्प्यावर सळई आणि सिमेंट मागतं.

भूकंपात या वजनाचा हिशेब आणखी कठोर होतो, कारण इमारत जितकी जड तितका हादऱ्याचा जोर जास्त. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत जे घडलं, त्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं हजारो माणसांच्या जिवावर उठलं. हलकं बांधणं हा नुसता खर्चाचा प्रश्न नाही, हे महाराष्ट्रानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे.

काँक्रीट हलकं करण्याच्या शंभर वर्षांतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग टाकाऊ मालाचा आहे. भट्टीत बिघडलेली वीट, वीज केंद्राची राख, पाडलेल्या घराचा राडारोडा. या मालाला नुसती जागा शोधून दिली, तेव्हा खड्डे भरले गेले. त्याचे गुणदोष तपासून त्याच्याभोवती मिश्रण रचलं, तेव्हा पूल आणि जहाजं उभी राहिली.

सुरुवात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या एका वीटभट्टीवर झाली. स्टीफन हेड हा तिथला वीटवाला. भट्टी फार वेगानं तापली की काही विटा फुगून वाकड्या व्हायच्या आणि बाजूला फेकल्या जायच्या. तव्यावरची भाकरी आतल्या वाफेनं टम्म फुगते, तसंच इथेही होतं: चिकणमातीचा पृष्ठभाग वितळून बंद होतो, आत तयार झालेला वायू अडकतो आणि थंड झाल्यावर आत हजारो बारीक पोकळ्या राहतात. हेडनं त्या फेकलेल्या विटांकडे खडी म्हणून पाहिलं, मुद्दाम तशी फुगवलेली खडी बनवायची पद्धत बसवली आणि 1918 मध्ये तिचं पेटंट मिळवलं.

पहिलं महायुद्ध चालू होतं आणि पोलादाची टंचाई होती. त्यामुळे या खडीची पहिली मोठी परीक्षा समुद्रात झाली. सेल्मा हे काँक्रीटचं तेलवाहू जहाज 28 जून 1919 रोजी, म्हणजे व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्याच दिवशी, पाण्यात उतरलं. पुढच्याच वर्षी ते मेक्सिकोच्या टॅम्पिको बंदरात धक्क्याच्या बांधावर आदळून फुटलं आणि 1922 मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनजवळ बुडवलं गेलं. ते आजही तिथे अर्धवट पाण्यावर दिसतं. अनेक दशकांनी त्याचे नमुने काढून तपासले, तेव्हा काँक्रीट भक्कम निघालं. सळयांवर जेमतेम 16 मिलिमीटरचं कव्हर होतं, तरी खाऱ्या पाण्यात राहूनही त्या फारशा गंजल्या नव्हत्या. हलकं काँक्रीट म्हणजे कच्चं काँक्रीट, हा समज मोडायला सेल्माइतका चांगला पुरावा मला दुसरा माहीत नाही.

जमिनीवरचा दाखला कॅन्सस सिटीचाच. तिथल्या टेलिफोन कंपनीच्या 14 मजली इमारतीवर 1920 च्या दशकाच्या अखेरीस मजले चढवायचे होते. पाया नेहमीच्या काँक्रीटचे आठ मजले पेलेल, असा हिशेब निघाला. हेडच्या खडीनं 14 चढले.

आपल्याकडे विटेचा चुरा बांधकामात फार जुना. चुन्यात सुरखी मिसळायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. 1895 साली पूर्ण झालेलं मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीत बांधलेलं आहे. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा तर आजही गवंड्यांच्या हातातला. पण हा सगळा वापर चुन्याला ताकद देण्यासाठी, भर घालण्यासाठी किंवा उतार काढण्यासाठी. विटेचे तुकडे खडी म्हणून धरून त्यावर घरं उभारायचं काम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीनं केलं. बेचिराख शहरांतल्या ढिगाऱ्यातली वीट फोडून, चाळून ती काँक्रीटमध्ये वापरली गेली. 1951 मध्ये त्या काँक्रीटसाठी स्वतंत्र मानक निघालं आणि 1955 च्या अखेरपर्यंत अशा खडीतून सुमारे 1,75,000 घरं उभी राहिली. मला यात मानकाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोक बेघर होते, घाई होती, तरीही विटेत जिप्सम किती चालेल, तिला किती पाणी लागेल, याची तपासणी त्यांनी सोडली नाही.

भारतात टाकाऊ मालाची सर्वांत मोठी रास राखेची आहे. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण साधारण 30 ते 45 टक्के असतं. 1962 मध्ये पूर्ण झालेल्या रिहंद धरणात सिमेंटचा काही भाग राखेनं बदलला गेला, पण ते उदाहरण बराच काळ एकटंच राहिलं. 1996-97 मध्ये देशात जवळपास 6.9 कोटी टन राख निघाली आणि तिच्यातली 10 टक्केही वापरात आली नाही. सप्टेंबर 1999 मध्ये केंद्र सरकारची अधिसूचना आली आणि वीज केंद्रांच्या आसपासच्या बांधकामात, विटांत राख वापरणं बंधनकारक होऊ लागलं. पुढच्या सुधारणांत अंतराची मर्यादा वाढत गेली. 2021-22 मध्ये राख सुमारे 27 कोटी टन निघाली आणि वापर 96 टक्क्यांच्या आसपास नोंदला गेला.

हा आकडा मोठा आहे आणि त्यामागचं कामही खरं आहे. पण या ‘वापरा’त खाणी भरणं येतं, सखल जमिनी भरणं येतं, राखेच्या तलावांचे बांध उंच करणंही येतं. तलाव किती धोक्याचे असतात, ते 2022 च्या पावसाळ्यात नागपूरजवळ खसाळ्याला बांध फुटला तेव्हा शेतकऱ्यांनी अनुभवलं. राखेचं चांगलं मोल झालं ते सिमेंटमध्ये. घाटघर प्रकल्पाच्या रोलरनं दाबलेल्या काँक्रीटच्या धरणांत तर सिमेंटपेक्षा राखच जास्त आहे, आणि हे काम महाराष्ट्रात झालं. दुसरा चांगला उपयोग गवंडी ज्याला सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात त्या ब्लॉकचा. राख, चुना, सिमेंट आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड एकत्र फुगवून, वाफेच्या दाबाखाली शिजवलेला हा ब्लॉक तेवढ्याच आकाराच्या विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतक्या वजनाचा असतो. बहुमजली इमारतींच्या भिंतींचं वजन त्यानं खरोखर उतरवलं. मात्र त्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला तीन-चार न्यूटन. तो कॉलम-बीममधला खाना भरतो, स्लॅब उचलत नाही. म्हणजे राखेनं धरणात बळ दिलं, भिंतीत हलकेपणा दिला. दोन्ही गुण एकाच काँक्रीटमध्ये आणायचं काम आपल्याकडे मागे राहिलं.

हे काम अवघड का आहे, ते समजून घ्यायला हवं. दगडी खडीच्या काँक्रीटमध्ये तडा सिमेंटच्या लगद्यातून, खडीला वळसा घालून जातो, कारण खडी लगद्यापेक्षा कणखर असते. हलक्या खडीत तडा खडीच्या आरपार जातो. मग बळ लगद्यातच आणावं लागतं: पाणी कमी, खडीचा आकार लहान, बारीक उडती राख आणि सिलिका फ्यूम. हे फ्यूमही फेरोसिलिकॉनच्या भट्ट्यांच्या धुरातून गाळून काढलेलं, म्हणजे मूळचं टाकाऊच. दुसरी अडचण पाण्याची. सच्छिद्र खडी कोरडी टाकली तर मिश्रणातलं पाणी पिते आणि माल घट्ट होतो. पंपाच्या दाबाखाली तर आणखी पाणी आत ढकललं जातं आणि पाइप तुंबतो. म्हणून खडी आधी भिजवून घ्यावी लागते. त्या भिजवण्याचा नंतर फायदाही होतो. लगदा सुकत जाईल तसं आतलं पाणी हळूहळू बाहेर येतं आणि काँक्रीटचं क्युरिंग आतूनही चालू राहतं. व्हायब्रेटर जास्त वेळ चालवला तर मात्र जड खडी खाली बसते तशी ही हलकी खडी वर तरंगते. आणि या काँक्रीटचा स्लॅब त्याच भाराखाली थोडा जास्त लवतो, हे डिझाइन करतानाच धरावं लागतं.

हे सगळं सांभाळलं तर काय साधतं, ते नॉर्वेच्या स्टोल्मा पुलानं 1998 मध्ये दाखवलं. त्याचा मधला गाळा 301 मीटरचा आहे आणि त्या गाळ्याच्या मधोमध उच्च ताकदीचं हलकं काँक्रीट आहे. तिथली खडी फुगवलेल्या मातीची होती. राखेचीही तशी खडी होते. ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकापासून राखेच्या गोळ्या वळून, हजार अंशांहून जास्त तापमानाला भाजून हलकी खडी बनू लागली. राखेत उरलेला कोळसा त्या भाजण्यात इंधनाला हातभारही लावतो.

हलकेपणाचं टोक गाठतात ते अमेरिकेतले अभियांत्रिकीचे विद्यार्थी. त्यांची काँक्रीटच्या होड्यांची शर्यत 1971 पासून चालते. काँक्रीट पाण्याहून हलकं करायचं म्हणून ते टाकाऊ काचेचे फुगवलेले मणी आणि राखेतले पोकळ गोल कण वापरतात. ‘सेनोस्फिअर’ नावाचे हे कण आपल्याही राखेच्या तलावांवर तरंगताना सापडतात.

भारतीय मानक ब्युरोनं भाजलेल्या राखेच्या खडीसाठी 2018 मध्ये आयएस 9142 चा दुसरा भाग काढला. राडारोड्याची वाट त्याआधी 2016 मध्ये आयएस 383 नं मोकळी केली: साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के आणि एम 25 पर्यंतच्या आरसीसीमध्ये 20 टक्के जुन्या काँक्रीटची खडी चालते. जुना मसाला चिकटलेला असल्यानं ती पाणी जास्त पिते, म्हणून ही मर्यादा. पुनर्विकासात पाडल्या जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या इमारतींचा माल पाहता, तेवढाही वापर नीट झाला तर डोंगर फोडणं कमी होईल. ही खडी फार हलकी नसते, एवढं मात्र लक्षात ठेवावं.

राखेची खडी साइटवर अडते ती भावापाशी. खडी आपल्याकडे ब्रासवर विकली जाते. भट्टीचं इंधन आणि वाहतूक धरली की जवळच्या क्रशरच्या खडीपुढे ती महाग पडते. ही तुलनाच मला अपुरी वाटते. स्लॅबचं वजन पाचव्या हिश्शानं उतरलं, तर वाचणारी सळई, कॉलमचा कमी झालेला आकार आणि लहान झालेलं फूटिंग हे सगळं त्याच हिशेबात यायला हवं. ते तेव्हाच येतं, जेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअर पहिल्या आराखड्यापासून हलकं काँक्रीट धरतो. पाया ओतून झाल्यावर खडी बदलली तर पायातली बचत हातची गेलेली असते.

दुसरं काम तलावांतल्या जुन्या राखेचं. चिमणीच्या फिल्टरमधून कोरडी पकडलेली राख बारीक आणि बरीच एकसारखी असते. चंद्रपूर, कोराडी, परळीसारख्या वीज केंद्रांच्या तलावांत साठलेली राख ओली, भरड आणि थराथराला वेगळी. तिच्या गोळ्या वळायच्या तर प्रत्येक थराचा कण, कार्बन आणि ओलावा तपासून भट्टीचं तापमान ठरवावं लागेल. या राज्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं भरपूर आहेत, आणि त्यांतली कित्येक या तलावांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत.