रंगवली ओढणी, जांभळी झाली बोटं

पुडीतला रंग उकळत्या पाण्यात टाकला, जुनी ओढणी बुडवली आणि ती झकास जांभळी झाली. हातमोज्याला बारीकसं भोक होतं. त्यामुळे माझी तर्जनीही जांभळी! साबणाने चार वेळा धुतली, तरी नखावरचा डाग जागचा हलेना.

याला कारण आहे. लोकर केराटिनची बनलेली असते आणि आपल्या कातडीचा वरचा थरही केराटिनचाच. त्यामुळे लोकर नि रेशमावर पक्के बसणारे ॲसिड रंग हातावरही सुखाने बसतात. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग १९५६ साली बाजारात आले. धुण्याच्या सोड्यासोबत ते धाग्याशी थेट रासायनिक गाठच मारतात! म्हणून रंग लागला की वाळायच्या आत धुवायचा, हातातलं काम सोडून.

नव्या जीन्सने मांड्या निळ्या का होतात? जीन्सला निळा रंग देणारी नीळ पाण्यात विरघळतच नाही. ती धाग्यावर नुसती बसलेली असते, घासली की सुटते. इथे खोबरेल तेल कामाला येतं. चांगलं चोळा, पाच मिनिटं थांबा, कापसाने पुसा, मग कोमट पाणी आणि साधा साबण. एकदा नाही गेला, तर उद्या पुन्हा.

हळदीची मात्र गंमतच. पिवळ्या डागावर साबण लावला की तो लालसर होतो! साबणातल्या क्षाराची ही करामत. घाबरू नका, हळद उन्हात आपोआप विटते.

आता कळकळीने सांगते, ब्लीच हाताला लावू नका. कापडाचा रंग उडवणारं ते पाणी कातडीही भाजतं, आणि त्यात लिंबू किंवा व्हिनेगर पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. रॉकेल, थिनर, तारेची घासणी हेही नकोच. खाज सुटली, पुरळ उठलं, तर सरळ डॉक्टरांकडे जा.

डाग घालवायचं खरं काम कातडीच करते. वरचा मृत पेशींचा थर दोन-चार आठवड्यांत झडून नवा येतो. तळहातावर नि तळपायावर हा थर सर्वांत जाड असतो. मेंदी तिथेच सर्वांत गडद रंगते, ती यामुळेच. नखं मात्र महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतात. माझ्या तर्जनीवरचा जांभळा डाग सरकत सरकत टोकाला आला आणि अडीच महिन्यांनी नेलकटरने कापला गेला.