ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालंय? आधी या ३ टेस्ट करा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून घेतलाय. त्याने सेकंडहँड गाडी घेतलीये आणि त्याचा प्रश्न असा: “ब्रेक दाबताना पाय दुखतो. पेडल खालीच जात नाही. मेकॅनिक म्हणतो, बूस्टर बदला. बदलू का?”

थांब मित्रा. बदलायचा की नाही हे दहा मिनिटांत कळतं, आणि त्याला एकही पाना लागत नाही.

आधी, हा बूस्टर करतो काय?

बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भिंतीला एक काळा गोल डबा दिसतो. तोच ब्रेक बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं, म्हणजे तिथे व्हॅक्यूम तयार होतो. आपण पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला ढकलते.

हवा ढकलून ढकलून किती ढकलणार, असं वाटेल. हिशोब करू. पडदा २५ सेंटीमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ होतं साधारण ४९० चौरस सेंटीमीटर. दोन्ही बाजूंच्या दाबात दर चौरस सेंटीमीटरला ०.६ किलोचा फरक धरला, तर जोर येतो जवळपास ३०० किलोचा! ही मदत गेली की सगळं काम एकट्या पायावर येतं. ब्रेक ‘फेल’ झालेले नसतात, पण गाडी थांबवायला कितीतरी जास्त जोर लागतो.

एक फरक लक्षात ठेवा. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर बहुतेक वेळा ब्रेकच्या लाइनमध्ये हवा शिरलेली असते. तो वेगळा आजार. आज आपण फक्त कडक पेडलबद्दल बोलतोय.

आता टेस्ट

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आणि हो, पेडलच्या मागे पाण्याची बाटली किंवा दुमडलेलं मॅट अडकलेलं नाही ना, ते आधी वाकून बघा. हसू नका, असं होतं.

टेस्ट १: इंजिन बंद ठेवून पेडल ५-६ वेळा दाबा. ते कडक होईल, व्हायलाच पाहिजे. आता पाय दाबूनच ठेवा आणि गाडी स्टार्ट करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय. जराही हललं नाही, तर मदत मिळत नाहीये.

टेस्ट २: इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा. आता सावकाश ३ वेळा ब्रेक दाबा. पहिल्यांदा पेडल खोल जायला हवं आणि पुढच्या प्रत्येक वेळी थोडं वर थांबायला हवं. पहिल्याच वेळी कडक लागलं, तर साठवलेला व्हॅक्यूम कुठूनतरी गळतोय.

टेस्ट ३: इंजिन चालू असताना ब्रेक दाबून धरा, तसंच इंजिन बंद करा आणि ३० सेकंद थांबा. पेडल पायाला वर ढकलायला लागलं, तर गळती नक्की.

गळती कुठे आहे?

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना आधी विचारतो, इनपुट बरोबर येतंय का? इथेही तेच. इंजिनकडून बूस्टरकडे एक जाड रबरी नळी येते. इंजिन बंद करून तिचं बूस्टरकडचं टोक काढा, मग स्टार्ट करून टोकावर अंगठा ठेवा. (पेट्रोल गाडी थोडी थरथरेल, घाबरू नका.)

अंगठा जोरात ओढला जातोय आणि तरीही टेस्ट १ नापास? मग संशय बूस्टरवरच. मेकॅनिक बरोबर.

ओढ जाणवतच नाही? मग बूस्टर बदलून उपयोग शून्य. नळी तडकलेली असेल किंवा वाटेतला एकमार्गी व्हॉल्व्ह बिघडला असेल. व्हॉल्व्ह काढून फुंका: हवा एकाच दिशेने जायला हवी. हे दोन्ही भाग बूस्टरपेक्षा खूप स्वस्त आहेत. डिझेल गाडीत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, तोही तपासून घ्या.

तिन्ही टेस्ट पास, पण गाडी नीट थांबत नाही? मग चाकांकडे बघा. पॅड तापून गुळगुळीत झालेत किंवा कॅलिपर जाम झालाय. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली जात असेल तर हा संशय पक्का.

आता सगळ्यात महत्त्वाचं

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे लोक आजही भेटतात. प्लीज, नको! इंजिन बंद म्हणजे नवा व्हॅक्यूम बंद. बूस्टरमध्ये जेमतेम दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्याइतकीच मदत शिल्लक राहते. त्यानंतर पेडल कडक, आणि समोर वळण. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजेक्टर इंधन बंदच करतात. न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळतं. म्हणजे बचतीचा हिशोबही चुकीचाच.

आणि चालत्या गाडीत पेडल अचानक कडक झालं तर? पंपासारखं पुन्हा पुन्हा दाबू नका, उरलेली मदत संपते. एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरा. एक-एक गिअर खाली आणा. गरज पडली तर हँडब्रेक हळूहळू ओढा. थांबलात की तिथून गाडी चालवत नेऊ नका, टो करून घ्या.

नळी तुम्ही तपासू शकता, पण बूस्टर आणि कॅलिपरचं काम गॅरेजमध्येच करा. फक्त जाताना तिन्ही टेस्टचे निकाल मोबाइलमध्ये लिहून न्या. “पेडल कडक आहे” यापेक्षा “टेस्ट १ नापास, नळीला ओढ आहे” असं सांगितलंत, की बोलणं सरळ मुद्द्यावर येतं.

तुमच्या गाडीचा निकाल काय आला, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात!