‘हठ’ शब्दाची फोड : निरुक्ती की व्युत्पत्ती?

योगविषयक मराठी ग्रंथांतून, आणि अलीकडे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतूनही, ‘हठयोग’ शब्दाची एकच फोड वारंवार आढळते : ‘ह’ म्हणजे सूर्य, ‘ठ’ म्हणजे चंद्र, आणि त्या दोहोंचा संयोग तो हठयोग. ही फोड परंपरेने दिलेली आहे व त्या नात्याने ती आदरणीयही आहे. परंतु तिला व्युत्पत्ती म्हणून उद्धृत केले की, नाथपंथीय साधना मुळात समतोलाचीच होती, ‘बळ’ ह्या कल्पनेशी तिचा संबंध नव्हता, असे एक अनुमान नकळत पदरी पडते. ते तपासून पाहणे अवश्य आहे.

संस्कृतात ‘हठ’ म्हणजे बळ, सक्ती. अमरकोशाने तो ‘प्रसभ’ व ‘बलात्कार’ ह्यांच्या पंक्तीस बसविला आहे. आपला ‘हट्ट’ त्याचाच वंशज मानला जातो. पण मग हठयोग म्हणजे देहाला दंडणारा योग काय? कित्येक पाश्चात्त्य भाषांतरकारांनी तसे मानले. मात्र ग्रंथांची साक्ष विरुद्ध आहे. स्वात्मारामाची पंधराव्या शतकातील ‘हठप्रदीपिका’ प्राणाला सिंह, हत्ती वा वाघ माणसाळवावा तसा हळूहळू वश करण्यास सांगते. घाई करणाऱ्या साधकाचा प्राण घात करतो, असा इशाराही तेथेच आहे.

मग हे बळ कोणाचे व कशावर? ह्याचे उत्तर बौद्ध तंत्रवाङ्मयाकडे नेते. ‘हठयोग’ हा शब्द नाथपंथीयांच्या ग्रंथांपूर्वी ‘गुह्यसमाजतंत्रा’त येतो, आणि कालचक्रतंत्रावरील ‘विमलप्रभा’ टीकेत त्याचे लक्षणही सापडते : प्राण मध्यनाडीत बळेच वाहवणे. जेसन बर्च ह्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशी स्थळे एकत्र करून दाखविले की, बळ साधकाच्या श्रमात नसून क्रियेच्या परिणामात आहे. अपान व बिंदू स्वभावतः अधोगामी, कुंडलिनी निद्रिस्त. बंध व मुद्रा त्यांस ऊर्ध्वगती घेणे भाग पाडतात. मला हा निष्कर्ष मान्य होण्याजोगा वाटतो, कारण कोशातील अर्थाला धक्का न लावता तो साधनेचाही उलगडा करतो.

सूर्यचंद्रांची फोड ‘योगबीजा’त आहे, ‘हठप्रदीपिके’च्या मूळ संहितेत ती नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मानंदाने ‘ज्योत्स्ना’ टीकेत ती पहिल्याच श्लोकाशी जोडली, आणि पुढे पाठ्यपुस्तकांनी ती मूळचीच धरली. ती निराधार मात्र नव्हे. टाळूच्या ठायी चंद्र, नाभीच्या ठायी सूर्य, चंद्रातून स्रवणारे अमृत सूर्य ग्रासतो, ही कल्पना ह्या साधनेच्या गाभ्याशी आहे, आणि विपरीतकरणी मुद्रेचे प्रयोजनच तो ग्रास टाळणे हे होय. परंपरेने आपला सिद्धान्त दोन अक्षरांत पाहिला. यास्काच्या अर्थाने ही निरुक्ती. तिला शब्दाचा इतिहास सांगावयाचा नसतोच.

अर्थाचा काळ न पाहिल्याने होणारा घोटाळा ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अधिक ठळक दिसतो. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे व त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे आलेल्या नाथपरंपरेचा हा शके १२१२ मधील (इ. स. १२९०) मराठी पुरावा. तेथे ‘वज्रासन’ हे मूळबंधाचेच गौण नाव म्हणून येते. ‘हठप्रदीपिके’त काहींच्या मते ते सिद्धासनाचे नाव आहे. आज मात्र गुडघे दुमडून टाचांवर बसण्यास वज्रासन म्हणतात, आणि व्यायामशाळेत शिकलेला हाच अर्थ घेऊन विद्यार्थी ओवीपाशी येतो. मग टाच शिवणीवर दाबून गुदाचे आकुंचन करण्याचे ज्ञानदेवांचे वर्णन त्याला विसंगत वाटू लागते, व क्वचित तो पाठच भ्रष्ट ठरवू पाहतो. वस्तुतः पाठ निर्दोष आहे. सरकला आहे तो शब्द. म्हणून योगपरिभाषेच्या कोशात प्रत्येक अर्थापुढे तो प्रथम कोणत्या ग्रंथात आढळतो हे नोंदवावे, आणि निरुक्तीला व्युत्पत्तीखाली न घालता वेगळा रकाना द्यावा.