नावावरून रेणू काढताना

सोलापूरहून तुळजापूरमार्गे धाराशिवकडे येणाऱ्या महामार्गावरच्या पंपांवर पूर्वी साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं असे, तर प्रीमियम ९५चं. या मोजपट्टीवर ज्या द्रवाला १०० गुण आहेत, त्या आयसोऑक्टेनचं शास्त्रीय नाव २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन. दहावीच्या मुलांना अवघड वाटणारं हे नाव म्हणजे रेणूचा पुरता आराखडाच आहे.

नाव शेवटाकडून वाचावं. ‘पेंटेन’ म्हणजे पाच कार्बनची साखळी. ती आडवी काढून कार्बनला १ ते ५ क्रमांक द्यायचे. ‘ट्रायमिथिल’ म्हणजे एकेका कार्बनच्या तीन शाखा. त्यांतल्या दोन दुसऱ्या कार्बनवर, एक वर नि एक खाली, तिसरी चौथ्यावर. हायड्रोजन अगदी शेवटी. प्रत्येक कार्बनचे बंध चार भरले पाहिजेत. म्हणून दुसऱ्या कार्बनला हायड्रोजन एकही नाही, तिसऱ्याला दोन, चौथ्याला एक. साखळीची दोन टोकं आणि तीन शाखा यांना प्रत्येकी तीन. बेरीज १८. कार्बन ८ आणि हायड्रोजन १८ जुळले की आकृती बरोबर. हा ताळा कधीच चुकवू नये.

उलट्या बाजूने मोजलं तर २,४,४ येतं, पण नियम लहान अंकांचा आहे.

खरी फसगत लांब साखळी ओळखताना होते. समजा कुणी ‘२-इथिलपेंटेन’ असं नाव दिलं. आकृती काढून पाहा: शाखेतूनच सहा कार्बनची वाट निघते. साखळी वाकडी असली तरी मुख्य तीच, आणि रेणूचं नाव ३-मिथिलहेक्झेन.