रंगवलेला खांब हे कुठलं साधन?

संशोधन आराखडा लिहिताना हमखास अडवणारा प्रश्न: माझं साधन प्राथमिक की दुय्यम? पुस्तकातली व्याख्या पाठ असते, पण प्रत्यक्ष वस्तू समोर आली की गोंधळ होतो. म्हणून एक उदाहरण बघू.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या नैऋत्येला जिलाँग नावाचं बंदर आहे. तिथल्या किनाऱ्यावर शंभरहून जास्त रंगीत लाकडी माणसं उभी आहेत. खलाशी, बँडवाले, जीवरक्षक, जुन्या तऱ्हेच्या पोहण्याच्या पोशाखातल्या बायका. जॅन मिचेल या कलाकर्तीने १९९० च्या दशकात महापालिकेसाठी जुन्या धक्क्याचे लाकडी खांब कोरून आणि रंगवून ती घडवली. विषय, शहराचा इतिहास.

आता समजा, तुमचा प्रश्न आहे, ‘शंभर वर्षांपूर्वी इथे लोक पोहताना काय घालत?’ मग हा खांब दुय्यम साधन. तो नंतर कुणीतरी सांगितलेली गोष्ट आहे. पण प्रश्न बदला: ‘१९९० च्या दशकात या शहराला आपला कुठला भूतकाळ दाखवावासा वाटला?’ आता तोच खांब प्राथमिक! आणि ‘धक्का कुठल्या लाकडाचा होता?’ असं विचारलंत, तर रंगाखालचं लाकूडच प्राथमिक पुरावा. म्हणजे बघा, ‘प्राथमिक’ हा वस्तूचा गुण नाही. ते तुमच्या प्रश्नाशी असलेलं नातं आहे.

बऱ्याच खांबांच्या पायाशी छोटा ससा दिसतो. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिनने याच परिसरातल्या बार्वन पार्क इथे इंग्लंडहून ससे आणवले, त्याची ही आठवण. पण तेवढ्यावरून ‘ऑस्ट्रेलियातली सशांची धाड इथूनच पसरली’ असं लिहाल, तर परीक्षक लगेच अडवतील. खांबावरून फक्त एवढंच कळतं, की शहर ही गोष्ट विसरलेलं नाही. ससे कुठून पसरले याला वेगळा पुरावा लागतो, आणि तो आहे: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने याच सशांकडे बोट दाखवलं.

एक करून बघा. तुमच्या गावातला एखादा पुतळा घ्या आणि त्याला दोन प्रश्न विचारा: एकात तो प्राथमिक ठरेल, दुसऱ्यात दुय्यम. ते जमलं, की आराखड्यातला ‘साधने’ हा भाग लिहायला घ्या.