कवचाआडचा गंज

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात काय किंवा नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात काय, ज्या घरी अजून बैलांची शेती टिकून आहे, त्या घराच्या गोठ्यात हंगाम उलटल्यावर डोकावले, तर वखराची पास काढून, तिची माती खरवडून आणि तिच्यावर तेलाचा हात फिरवून ती कोरड्या जागी टांगलेली दिसते. पास म्हणजे वखराचे माती कापणारे लोखंडी पाते. ते लाकडाला कायमचे जखडलेले नसते, काढता यावे अशाच बेताने बसवलेले असते. आणि ते खरोखरच काढले जाते म्हणून मातीत राबूनही वर्षानुवर्षे धड राहते. या साध्या रिवाजात लोखंडाच्या रक्षणाचे जे शहाणपण साठवले आहे, त्याची आठवण मला वारंवार होते ती आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील जीपगाड्यांच्या पोटाखाली पाहताना.

१९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी आरंभिली, आणि पुढील काही दशकांत हे वाहन तहसील कचेरीच्या आवारातून निघून, काळी-पिवळीच्या रूपाने खेडोपाडीच्या फाट्यांवर येऊन थांबले. आज बोलेरो, थार आणि त्यांच्या जातीच्या इतर गाड्या शेतकरी, व्यापारी, डॉक्टर, गुत्तेदार अशा सर्वांच्या दारी उभ्या असतात. आणि किनवट-माहूरकडच्या जंगलातील दगडाळ वाटा, बालाघाटाचे चढउतार किंवा भर पावसातले शिवरस्ते ज्यांना तुडवावे लागतात, ते आपल्या गाडीखाली संरक्षक पत्रे बसवून घेतात. इंजिनाच्या तेलाचे चेंबर दगड लागून फुटू नये म्हणून त्याखाली आवळलेला जाड पत्रा, गिअरबॉक्स आणि डिझेलची टाकी यांखालचे तसलेच पत्रे, दारांच्या खाली दोन्ही बाजूंना चेसीवर बसविलेल्या मजबूत नळ्या, या सर्वांना गॅरेजात सरसकट ‘गार्ड’ असे म्हणतात. समोरच्या बंपरवर लावावयाचे लोखंडी गार्ड मात्र मी या विवेचनातून मुद्दाम वगळले आहे. ते पादचाऱ्यांना घातक ठरते आणि टकरीचा धक्का वाहनातील माणसांपर्यंत सरळ पोहोचविते, म्हणून केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून, मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा हवाला देऊन, ते बेकायदा असल्याचे कळविले. आणि हा बंदोबस्त मला सर्वथा योग्य वाटतो.

पोटाखालच्या गार्डाची गोष्ट निराळी आहे. ते उपयुक्त आहे, आडवाटेला आवश्यकही आहे. पण ज्या लोखंडाचे रक्षण करण्यासाठी ते बसविले, त्याच लोखंडाला ते आपल्या आडोशाने कुजवू शकते, ही बाब बसविणाऱ्याने सांगितलेली नसते आणि बसवून घेणाऱ्याने विचारलेली नसते. एका गॅरेजात, चार पावसाळे एकदाही न उतरविलेला असा एक पत्रा खाली आला तेव्हा मी जवळच उभा होतो. त्याच्या आतल्या अंगाला वाळलेल्या काळ्या मातीची जी वीट जमली होती, तिच्यावर चेसीच्या आडव्या पट्टीचा आकार साच्यातून काढल्यासारखा उमटला होता. आणि ती वीट जिथे टेकली होती तिथे पट्टीचे लोखंड बोटाच्या नखाने सुटावे इतके पापुद्र्यापापुद्र्याने फुलले होते. उघड्यावर राहिलेला, दगडांचे ओरखडे सोसलेला चेसीचा भाग त्यामानाने बराच निकोप होता.

उघडे वाचावे आणि झाकलेले कुजावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. पण त्याचे कारण गंजाच्या स्वभावातच आहे. गंजाला आपल्याकडे ‘जंग’ही म्हणतात, हा फारसी शब्द निजामी अमलापासून मराठवाड्याच्या जिभेवर रुळलेला आहे. ज्वारी-सोयाबीनवरच्या तांबेऱ्याशी गंजाचे साम्य केवळ रंगाचे. तांबेरा ही बुरशी आहे आणि जंग ही लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्यातली विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पाण्याने भिजलेल्या लोखंडाच्या एका जागी लोखंड विरघळते, तेथून सुटलेले विद्युत्कण धातूतून दुसऱ्या जागी वाहत जातात, आणि तेथे प्राणवायू त्यांचा स्वीकार करतो. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब स्वच्छ पोलादावर ठेवून, रंग बदलणाऱ्या द्रव्यांच्या साहाय्याने या दोन जागा डोळ्यांना दाखवून दिल्या. थेंबाच्या कडेला हवा सहज पोहोचते, तेथे गुलाबी रंग आला. मध्यभागी प्राणवायू तोकडा पडतो, तेथे निळा रंग आला, आणि लोखंड विरघळत होते ते त्या निळ्या मध्यभागी. तात्पर्य असे की, जेथे हवा कमी पोहोचते ती जागा झिजते आणि हवेशीर जागा तिच्या जिवावर तगते. गार्ड आणि चेसी यांच्यामधली ओली फट म्हणजे या थेंबाचा मध्यभागच होय.

त्यात आपल्या मुलखाची माती. काळ्या कापसाच्या जमिनीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि ते सहजासहजी सोडत नाहीत; याच गुणावर तर आपली रब्बीची ज्वारी पावसाळ्यानंतर केवळ जमिनीतल्या ओलीवर येते. जो गुण शेताला वरदान आहे, तोच गार्डाच्या आत अडकलेल्या चिखलाला घातक बनवितो. रस्ता वाळला, गाडी वाळली, तरी तो गोळा आतून दमटच असतो. मिठाला या क्रियेत फार मोठे स्थान आहे, आणि समुद्र शेकडो मैल दूर असल्याने आपण मिठापासून सुरक्षित आहोत असे कोणी समजू नये. पिकअपमधून खताची पोती वाहताना फाटक्या पोत्यातून जे पोटॅश सांडते, ते पोटॅशियम क्लोराइड म्हणजे मिठाचेच भावंड आहे. हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला किंवा माळेगावच्या यात्रेला देवणी आणि लाल कंधारी जनावरे नेणाऱ्या गाड्यांच्या फळ्यांतून झिरपणारे मूत्रही क्षारयुक्त असते, आणि ज्या बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली जाते तेही वाळल्यावर आपले क्षार मागे ठेवून जाते.

आता बसविण्याच्या कामाकडे वळू, कारण अर्धा गंज त्याच दिवशी पेरला जातो. पहिली गोष्ट ही की, चेसीवर वेल्डिंग करू देऊ नये. वेल्डिंगच्या उष्णतेने पेटीसारख्या चेसीच्या आतल्या बाजूचा लेप जळतो, आणि तेथे पुन्हा रंगाचा ब्रश नेण्याची सोय नसते. बाहेरून काळा रंग मारून काम साजरे दिसते, पण आतून नागवे झालेले लोखंड कोणाच्याच नजरेस पडत नाही. कारखान्याने चेसीला मुळातच ठेवलेली जी भोके असतात, त्यांत बोल्टने बसणारे गार्ड निवडावे. नवे भोक पाडणे अटळच असेल तर त्याची कड कानशीने मोडून घ्यावी, ड्रिलचा लोखंडी कीस झटकून व पुसून काढावा (हा कीस रंगावर पडून राहिला तर एका पावसात तांबड्या ठिपक्यांचे रूप घेतो), आणि भोकाच्या आतल्या कडेला प्रायमर व त्यावर रंग असे दोन हात देऊन, ते पूर्ण वाळल्यावरच बोल्ट घालावा. येथे मिस्त्रीची घाई आणि गिऱ्हाइकाचा तगादा हे दोघे मिळून घात करतात. रंग वाळायला एक रात्र लागते, ती द्यावी.

गार्डाचा पत्रा चेसीला सर्वांगाने चिकटून बसता कामा नये. बोल्टाच्या जागी तो घट्ट आवळलेला असावा, इतरत्र हवा खेळेल आणि पाणी वाहून जाईल इतकी फट असावी, सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी निथळण्याची भोके असावीत आणि चेसीची मूळची निचऱ्याची भोके झाकली जाऊ नयेत. पत्रा वाजू नये म्हणून मध्ये गोणपाट, स्पंज किंवा जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबण्याची जी रीत पडली आहे, ती मोडलीच पाहिजे. गोणपाट आणि स्पंज पाणी धरून ठेवतात, आणि नरम रबर आवळणीखाली दबून बोल्ट सैल पडतो. अंतर राखायचे तर पाणी न शोषणाऱ्या टणक नायलॉनचा पातळ वायसर किंवा रंग दिलेली लोखंडी नळकांडी वापरावी.

धातूची निवड हा विषय थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. एक चौरस मीटर आकाराचा चार मिलिमीटर जाड पोलादी पत्रा सुमारे ३१ किलो भरतो, तर सहा मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा तेवढाच पत्रा १६ किलोंच्या आसपास. म्हणून पुष्कळांचा ओढा ॲल्युमिनियमकडे असतो. पण दोन भिन्न धातू ओल्या अवस्थेत एकमेकांना टेकले की त्यांची एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यांपैकी एक झिजून दुसऱ्याला वाचवितो. पोलादी चेसीला टेकलेले ॲल्युमिनियम स्वतः खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी सोडते. यास्तव या जोडीत नायलॉनचा आडपडदा आणि शाबूत रंग अनिवार्य समजावा.

हाच न्याय जस्ताच्या बाबतीत मात्र आपल्या उपकाराचा ठरतो. घरच्या भांड्याला कल्हई करतात ती कथिलाची. कथिलाचा थर दिलेल्या लोखंडी डब्याला एक ओरखडा पडला, की कथिल स्वतः शाबूत राहते आणि उघडे पडलेले लोखंड अधिकच त्वरेने गंजते. जस्ताची बादली किंवा घरावरचा जस्ती पत्रा ओरखडला, तर जस्त आपण झिजते आणि शेजारच्या उघड्या लोखंडाला गंजू देत नाही. १८३७ साली सोरेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले; ती कृती आजही सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या जस्तात चालते. जस्त आपल्या मुलखाला परकेही नाही, उदगीरहून थोड्याच अंतरावर असलेल्या बिदरचे ते सुप्रसिद्ध काळेभोर बिदरी काम मुख्यत्वे जस्ताचेच असते. तेव्हा दगडांचे ओरखडे ज्याला पडणारच आहेत अशा पोलादी गार्डाला, नुसत्या पावडर कोटिंगच्या चकाकीपेक्षा, खाली जस्ताचा थर आणि वर रंग ही व्यवस्था कितीतरी श्रेयस्कर होय. नुसते पावडर कोटिंग एकदा टवकले की पाणी त्याखाली शिरते, आणि पुढचा गंज त्या सुंदर पापुद्र्याआड निर्वेध चालतो.

काढता येण्याजोगे गार्ड ज्या बोल्टांवर अवलंबून आहे, ते बोल्ट जर निघेनासे झाले, तर सगळा खटाटोप व्यर्थ जातो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. तो आट्यांत भरला की बोल्ट पाचरीसारखा घट्ट होतो, मग पान्याखाली त्याचे डोके झिजते आणि शेवटी ग्राइंडरने कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून जस्तलेपित बोल्ट घ्यावेत, त्यांच्या डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा कोरलेला असल्याची खातरी करावी, आणि आट्यांना अँटी-सीझ किंवा निदान स्वच्छ ग्रीस लावूनच ते बसवावेत. ग्रीस लावल्यावर बोल्ट त्याच जोराने अधिक ताणला जातो, यास्तव हात थोडा आवरता ठेवावा. गंजलेले बोल्ट तेजाबात बुडवून उजळण्याचा प्रघात सोडून द्यावा. तेजाबाचा अंश आट्यांत उरतो आणि काही दिवसांत पहिल्यापेक्षा दुप्पट जोमाने जंग चढतो.

पावसाळ्याच्या तोंडी चेसीला इंजिनाचे जळके तेल फासण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तिच्यामागचा हेतू चांगला आहे, हे मी मान्य करतो, परंतु वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले व काजळी असते, धूळ त्यावर बसून लेप होतो, रबरी बुश फुगून निकामी होतात, आणि थेंब थेंब गळणारे ते तेल शेवटी शेतातच जाते. त्याऐवजी चेसीच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारावे आणि बाहेरील उघड्या जागी रेड ऑक्साइड किंवा जस्तयुक्त प्रायमर देऊन रंग द्यावा. सायलेन्सरच्या आसपास मात्र मेण, ग्रीस वा तेल यांपैकी काहीही लावू नये.

राहिला प्रश्न धुण्याचा. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि ज्याच्या पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, त्या शहरातील माणसाला गाडीचे पोट रोज पाण्याने धुवा असे सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. आणि त्याची गरजही नाही. काळी माती वाळली की आकसते, भेगाळते आणि लाकडी पट्टीने खरवडली असता ढेकळाढेकळाने सुटते. गार्ड उतरवून आधी कोरडी माती काढली, तर उरलेल्या क्षारांसाठी दोन बादल्या गोडे पाणी पुरते. मात्र हे काम गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली शिरून कधीही करू नये. गॅरेजचा रॅम्प किंवा भक्कम स्टँड यांवाचून गाडीखाली जाणे हा जिवाशी खेळ आहे.

ज्यांच्या गाडीखाली असे गार्ड आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, यंदा पाऊस ओसरल्यावर आणि उसाच्या गाड्या रस्त्यावर येण्यापूर्वी एक दिवस मोकळा काढावा, मिस्त्रीच्या शेजारी स्वतः उभे राहून ते बोल्ट सोडवावेत, आणि पत्रा खाली आल्यावर तो बाजूला ठेवून, तो जिथे टेकला होता त्या चेसीवरून प्रथम हात फिरवून पाहावा.