50 फुटांच्या आत
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लाल कार्ड होतं आणि विहिरीचं पाणी मात्र तळातला खडक दिसावा इतकं नितळ. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते. जोखीम जास्त असली की गावाला लाल कार्ड मिळतं, मध्यम असली की पिवळं, कमी असली की हिरवं. असल्या पाण्याला लाल का, म्हणून सिन्नरच्या पूर्वेकडच्या त्या गावात मी जलसुरक्षकांबरोबर विहिरीवर गेले. गाव त्यांना अण्णा म्हणतं.

हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असा अण्णांचा हिशेब. पावडर बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं विहिरीत सोडली आणि खालीवर करत ढवळली. त्या वासानं माझा घसा धरला. अण्णांच्या बोटांना भेगा पडल्यात. वर्षानुवर्षं ते हेच करतायत, तुटपुंज्या मानधनावर. तासाभरानं शेंदलेल्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले. नळीतलं पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन उतरलं.

मग कार्ड लाल का? अण्णा विहिरीपासून पावलं मोजत निघाले. "50 फूट. एवढ्यात घाण नको, असं आम्हाला ट्रेनिंगला सांगितलंय."

त्या 50 फुटांत दोन उकिरडे होते, मोरीच्या पाण्याचं डबकं होतं आणि एका शौचालयाचा खड्डाही. उकिरडा काही नवा नाही. पूर्वी त्यात कुजेल तेच पडायचं आणि पावसाआधी गाडीत भरून ते शेतात जायचं. आता शेणात डायपर, शाम्पूच्या पुड्या, रिमोटचे सेल. असलं खत रानात टाकायला कुणी धजत नाही, म्हणून उकिरडा पावसाळाभर तिथेच भिजतो. खाली हातभर मुरूम आणि मग भेगाळलेला काळा पाषाण. गाळून घ्यायला मातीच नाही. पाझर भेगांतून थेट विहिरीत उतरतो.

टीसीएल जंतू मारतं, पण शेणामुतातून उतरलेलं नायट्रेट त्यानं जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. त्याहून फार वाढलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. नायट्रेटला ना रंग ना वास, आणि पाणी उकळून आटवलं तर ते आणखी दाट होतं. बाळासाठी काळजीनं पाणी उकळणाऱ्या आईला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

सांडपाण्यावर उपाय आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेतले आणि गावातले डास घालवले. पण शोषखड्डासुद्धा विहिरीला खेटून चालत नाही. त्यालाही ते 50 फूट लागू. आधी अंतर, मग पावडर, असा क्रम हवा. इथे सगळा भार पावडरीवर आणि ती कालवणाऱ्या एका माणसावर.

उकिरड्यापाशी एक बाई शेण टाकत होत्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "मला काय हौस आहे? जागा दाखवा, उद्या हलवते."

"तेच ग्रामसभेत येऊन बोला, वहिनी," अण्णा म्हणाले. "मी एकटा बोललो की पावडर वाढवा म्हणतात."